दिग्दर्शकानं स्वतःच नाटकात काम करावं का? (तातडीचं आहे, २२ दिवस उरलेत)

दुधना_काठ | ३ नोव्हेंबर, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात आमची हौशी मंडळी आहे. नोंदणी तेवढी आहे, बाकी ना जागा ना पैसा. तरी दरवर्षी राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत एक नाटक नेतोच नेतो.

यंदाचं नाटक गावातल्याच मास्तरांनी लिहिलंय. दोन अंक, सात पात्रं. बाप गेल्यावर विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या वाटून घेणारे दोन भाऊ. थोरल्याचं काम करणारा आमचा गडी बँकेत आहे. दीड महिना तालीम केली, काम असं रंगलं होतं की चहावाला पोरगासुद्धा ग्लास तसेच धरून उभा राहायचा. परवा त्याच्या बदलीची ऑर्डर आली. किनवट. सोमवारी हजर व्हायचं.

दिग्दर्शक मी. वय ४१, थोरला पन्नाशीचा. संवाद मला सातही पात्रांचे पाठ आहेत. मंडळी म्हणतात, आता तूच उभा राहा. मी स्वतः बसवलेल्या नाटकात कधी काम केलेलं नाही. दोन प्रवेश सोडले तर थोरला कायम स्टेजवर, म्हणजे समोर बसून बघायला मी उरतच नाही. बायकोचं मत वेगळंच: "घरात तर नसताच, आता स्टेजवरबी तुम्हीच का?"

ज्यांनी दोन्ही एकदम केलंय त्यांनी सांगा. करू का नको?

गुलकंद | ३ नोव्हेंबर, रात्री ११:५१

वहिनींना घ्या थोरल्याच्या कामात. घरात सराव असेलच.

परभणी_जर्मनी | ४ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

जगात जर्मनी, भारतात परभणी. करून टाका हो, होतंय सगळं. प्रयोगाला येतो, तारीख तेवढी टाका.

विंगेतला_माणूस | ४ नोव्हेंबर, सकाळी ९:२५

नका करू. हे पाप मी एकदा केलंय, म्हणून सांगतो.

बापाचं काम होतं, दिग्दर्शनही माझंच. दुसऱ्या अंकात माझ्या मुलीचं काम करणारी पोरगी बोलता बोलता दारापाशी जायची. प्रयोगात ती टेबलाशीच थांबली. तिच्यावर लाईट नाही. बापानं त्या वेळी नुसतं खाली बघून बसायचं होतं. पण माझ्यातला दिग्दर्शक गप्प बसेना. मी मान वर केली आणि डोळ्यांनी दाराकडं खूण केली. पोरगी हुशार, लगेच सरकली.

प्रेक्षकांनी काय बघितलं? बापानं पोरीला दार दाखवलं. पुढच्याच प्रवेशात तो बाप तिला गावभर शोधत फिरतो. "आता कशाला हुडकतो रे!" असा मागून आवाज आला आणि सभागृह फुटलं. आमच्या शोकांतिकेला मिळालेला तो एकमेव हशा.

गुलकंद | ४ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

मेलो. चहा कीबोर्डवर सांडला.

नाट्यशास्त्री_बिनकामाचा | ४ नोव्हेंबर, दुपारी १:१५

इतकं घाबरायचं कारण नाही. नटानंच दिग्दर्शक असणं ही जुनीच चाल आहे. रशियातला स्तानिस्लाव्स्की १८९९ साली चेखवच्या 'अंकल वान्या'त डॉक्टरचं काम करत होता आणि नाटकही तोच बसवत होता. पण त्याच्या शेजारी दुसरा दिग्दर्शक नेमिरोविच-दान्चेन्को होता, ते आपण विसरतो. मॉस्को आर्ट थिएटर १८९८ मध्ये दोघांनी मिळून काढलं होतं. आपल्याकडं विजयाबाई मेहतांनी 'बॅरिस्टर' बसवलं आणि त्यात मावशीही केली.

तेव्हा प्रश्न 'करावं का' हा नाहीच. तुम्ही स्टेजवर असताना समोरच्या खुर्चीत कोण बसणार, हा आहे.

(विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकलो, सध्या सिमेंटची एजन्सी चालवतो. म्हणून हे नाव.)

पुण्यातून_वाचतो | ४ नोव्हेंबर, दुपारी २:०२

मूळचा हिंगोलीचा, वीस वर्षं पुण्यात. खरं सांगू का, राग मानू नका. २२ दिवसांत नवा मुख्य नट घेऊन स्पर्धेत उतरण्यापेक्षा यंदा माघार घ्यावी. अर्धकच्चं नाटक दाखवण्यात काय हशील? इकडच्या मंडळींची तयारी बघितली की वाटतं, आपल्याकडं लोक फार लवकर 'होतंय सगळं' म्हणतात.

परभणी_जर्मनी | ४ नोव्हेंबर, दुपारी २:०९

सकाळी मीच म्हणलो होतो 'होतंय सगळं'. मालक, तुमच्याकडं एक नट गेला तर चौकात दुसरे चार उभे असतात. इथं एक गेला तर गावातली नाटकाची दहा टक्के लोकसंख्या जाते.

माजलगाव_मायनर | ४ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

+१. आमचं दुखणं ऐका. दसरा झाला की आमच्या भागातली निम्मी तरणी माणसं कोयते घेऊन कारखान्यावर. परततात पाडव्याच्या आसपास. स्पर्धा नेमकी मधे. आमचा सगळ्यात भारी नट ऊसतोडीला जातो. पहिल्या वर्षी नाटकाची वाट लागली. तेव्हापासून जूनमध्येच ठरवून टाकतो, दसऱ्याआधी गणपतीत आणि देवीत त्याच्यासोबत प्रयोग करायचे, स्पर्धेसाठी त्याच कामाला दुसरा माणूस पहिल्या दिवसापासून बसवायचा. दुसरा आधी महिनाभर नुसता बघतो. दोघांची भांडणं होतात, ती वेगळी.

आता तुम्हाला उशीर झालाय, पण पुढच्या वर्षी लक्षात ठेवा.

कायमची_आई | ४ नोव्हेंबर, रात्री १०:१८

मी बीडची. २६ व्या वर्षी पहिल्यांदा आई झाले, स्टेजवर. माझा 'मुलगा' तेव्हा ३३ वर्षांचा होता. तेव्हापासून आईच आहे. एकदा आजीला बढती मिळाली. तर माझं ऐका.

दिग्दर्शक-नटासोबत मी तीन नाटकं केली. माणूस गुणी. पण त्याचा एक प्रकार होता. समोर उभा राहून माझं ऐकताना त्याचे ओठ हलायचे. माझे संवाद तो मनात म्हणत असायचा. मी म्हणणार "जेवलास का रे?" तर त्याच्या ओठांवर माझ्याआधी "जेवलास का". पहिल्या दोन रांगांतल्या लोकांना स्पष्ट दिसायचं. आणि मला असं वाटायचं की मी काही बोलतच नाहीये, त्याच्या पाठांतराची परीक्षा देतेय. त्याला माझी एखादी गोष्ट ऐकून धक्का बसायचा असेल तर तो बसणार कसा? त्याला ती महिनाभर आधी ठाऊक आहे. नटालाही ठाऊकच असते म्हणा, पण नट ते विसरायला शिकतो. दिग्दर्शकाला विसरायची भीती वाटते.

आणि हे त्याला कुणी सांगितलं? कुणीच नाही. तालमीची खोली त्याची, चहा त्याचा, आम्हा बायकांना रात्री घरी सोडणारी गाडी त्याची. कोण बोलणार?

तुम्ही अवश्य करा काम. पण आधी असा एक माणूस बघा जो तुम्हाला तोंडावर "हे वाईट झालं" म्हणेल. आणि त्याचं ऐकायची तयारी ठेवा. तेवढं जमत नसेल तर माघार घ्या.

जाता जाता: तालीम ८ ची सांगता, सुरू साडेनऊला होते, ११ ला मला घरी कोण सोडणार हे पावणेअकराला आठवतं. मग पेपरात लेख लिहितात, हौशी रंगभूमीवर स्त्री कलावंत का मिळत नाहीत.

विंगेतला_माणूस | ४ नोव्हेंबर, रात्री १०:३०

ओठांचं अगदी खरं. माझेही हलत होते, व्हिडिओ बघितल्यावर कळलं. ताई, शेवटचा परिच्छेद मंडळाच्या ग्रुपवर टाकतो, नाव न घेता.

खडूफळा | ५ नोव्हेंबर, सकाळी ६:४५

आम्ही झेडपी शाळेच्या वर्गात तालीम करायचो. बाक मागं सारले की १६ फूट मोकळी जागा. सभागृहात गेलो तर स्टेजचं तोंड ३० फूट. "मी चाललो" म्हणून निघालेला नट दारापर्यंत पोचेना! संवाद संपला, माणूस अजून चालतोय. शेवटी त्याला जाताना खोकायला सांगितलं.

त्यामुळं खोलीत बसवलेल्या हालचालींवर विसंबू नका. कबड्डीचं मैदान आखतो तशी शाळेच्या पटांगणात फक्कीनं स्टेजची खरी मापं आखा. दार, खिडकी, विहीर, सगळं. आठवड्यातून दोन तालमी तिथं करा. दिग्दर्शक स्वतः नट असेल तर हे दुप्पट गरजेचं, कारण लांबून बघायला तो नसणार, निदान पायांना तरी अंतर कळलं पाहिजे.

डिमरवाला | ५ नोव्हेंबर, दुपारी १२:२०

नांदेडहून. मी लाईट करतो, त्यामुळं माझं रडगाणं लाईटचंच.

दिग्दर्शक स्टेजवर असला की लाईट लावताना बोंब होते. समोरून दोन बाजूंनी ४५ अंशांतून मारला तरी नाकाची सावली कुठं पडते हे खालून कुणीतरी सांगावं लागतं. तो म्हणणार "थांबा, मी खाली येऊन बघतो". खाली आला की वर माणूसच नाही! म्हणून तुमच्याच उंचीचा एक डमी उभा करा. उंची बघून बरं का. एकदा पाच फुटी पोरगा उभा करून लाईट लावले आणि प्रयोगात सहा फुटी नट कपाळापासून वर अंधारात. अख्खा अंक बिनडोक्याचा राजा.

दुसरं, रंगीत तालीम मंगल कार्यालयात करणार असाल तर आधी मीटर बघा. हजार वॅटचे १२ पार कॅन दिवे म्हणजे १२ किलोवॅट, म्हणजे ५० अँपिअरच्या वर. कार्यालयाचा एमसीबी ३२ चा. पहिल्याच फुल लाईटला गाव अंधारात आणि शेजारच्या हॉलमधलं लग्न आपल्या नावानं शिव्या घालतंय.

लातूरकर_बेरकी | ५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:०५

मूळ प्रश्नावर सगळे बोलूलालेत, मी वेगळंच विचारूलालाव. भाषा कोणती वापरली नाटकात?

विचारायचं कारण सांगतो. आमच्या एका नाटकात दोन सख्खे भाऊ. एक नट उदगीरचा, एक परभणीचा. उदगीरवाला म्हणायचा "मी शेतात जाऊलालो", परभणीवाला म्हणायचा "मी बी यायलो". आम्हाला तालमीत काहीच जाणवलं नाही. प्रयोगानंतर एक आजोबा मेकअप रूममध्ये आले. म्हणाले, "नाटक झ्याक झालं. पण एक सांगा, ह्यांची माय एक अन् बाप दोन का?"

गुलकंद | ५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:११

आजोबांना परीक्षक करा रे.

दुधना_काठ | ५ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:४०

अरे बापरे. धाकटा आमचा मूळचा अहमदपूरचा. सोयरीक करून इकडं आला. आजच्या तालमीत कान देऊन ऐकतो.

पुण्यातून_वाचतो | ५ नोव्हेंबर, रात्री ८:१५

पण मुळात बोलीत करायचंच कशाला? परीक्षक मुंबई-पुण्याचे असले तर अर्धे शब्द डोक्यावरून जाणार.

नाट्यशास्त्री_बिनकामाचा | ५ नोव्हेंबर, रात्री ८:५०

लक्ष्मण देशपांडे सरांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' आपल्याच बोलीत केलं. ५२ पात्रं, एकटा माणूस, एक उपरणं. मुंबई-पुण्याला कळलं, परदेशातल्या मराठी माणसांना कळलं. आमच्याच विभागाचे ते. बोली अडत नाही, पुटपुटणं अडतं.

मात्र एक खरं. बोली आली की आपले नट आपोआप विनोदी होतात. "काय करायलास" म्हणताना मान हलते, डोळे मोठे होतात. घरात आपण असं बोलतो का? थोरला भाऊ पाळीवरून भांडतो तेव्हा त्याला विनोद करायचा नाहीये, त्याची ज्वारी वाळतेय. हा फरक दिग्दर्शकानं धरून ठेवायचा असतो.

माजलगाव_मायनर | ५ नोव्हेंबर, रात्री ९:०२

देशपांडे सरांचं मला आता कळलं. त्यांचेही नट बदली होऊन गेले असतील, म्हणून ५२ कामं एकट्यानं केली.

जुना_पेट्रोमॅक्स | ६ नोव्हेंबर, पहाटे ५:१०

मी या धाग्यावर वयानं सगळ्यात मोठा असेन. ७४ पूर्ण. नातू टाइप करून देतोय, चुका त्याच्या.

वडील सांगायचे, निजामाच्या राज्यात चार माणसं जमवायची तर परवानगी. १९२९ चं गश्ती निशाण ५३ होतं, सभेला आधी सरकारची मंजुरी पाहिजे. म्हणून मग गणपतीतले मेळे, भजन, कीर्तन यांतून जे म्हणायचं ते म्हणायचे. पोरांची पदं बसवणारा माणूसच पुढं उभा राहून गायचा आणि अंमलदार आला की तोच समोर जायचा. दिग्दर्शक वेगळा, नट वेगळा ही चैन त्यांना कुठली? १९५४ साली ही राज्य स्पर्धा सुरू झाली तेव्हाही आपण हैदराबाद राज्यात होतो. मुंबई राज्यात आलो १ नोव्हेंबर १९५६ ला.

मी स्वतः उभा राहिलो ७२ च्या दुष्काळात. दिवसा सगळे खडी फोडायला, रात्री देवळापुढं गॅसबत्तीच्या उजेडात तालीम. राजाचं काम होतं आमच्या चुलत्याकडं. हाताला फोड आलेले, तलवार मुठीत धरवेना. तलवार लाकडीच, पण मूठ खरबरीत. मग काकूनं जुन्या लुगड्याची पट्टी मुठीला गुंडाळली. राजाची तलवार हिरव्या काठाची. लोकांना वाटलं, राणीची आठवण म्हणून बांधलीय. दाद मिळाली त्याला. आम्हीही मग पुढच्या दोन गावांत ती तशीच ठेवली.

दिग्दर्शक आमच्याकडं पेटीवाला असायचा. भारुडातही तेच. तो बसल्या जागेवरून सगळ्यांना दिसतो आणि सगळे त्याला दिसतात. चुकलं की तो सूर दाबून धरायचा, आम्ही समजायचो. तुमच्या नाटकात पेटीवाला कोण आहे ते बघा.

कायमची_आई | ६ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

आबा, नमस्कार. नातवाला सांगा, चुका एकही नाहीत.

दुधना_काठ | ७ नोव्हेंबर, रात्री १२:१५

सगळ्यांचे आभार. ठरलं, मीच उभा राहतोय. किनवटवाल्याला सुट्टी मिळते का ते विचारून झालं, नव्या जागी पहिल्याच महिन्यात मिळणार नाही.

समोर बसायला माणूस शोधला. मंडळीतले जुने दोघं होते, पण ते मला वाईट म्हणणार नाहीत. मग एक पोरगी आहे, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. आमची प्रॉपर्टी सांभाळते. कळशी, कंदील, सातबाऱ्याचा कागद कुठं ठेवायचा ते सगळं तिच्या वहीत असतं. तिला म्हटलं, आजपासून तू खुर्चीत. तिनं विचारलं, "म्हणजे तुम्हाला थांबवायचं?" म्हटलं, हो. "सगळ्यांसमोर?" म्हटलं, हो. ती जरा विचारात पडली आणि म्हणाली, "मग आजपासून तुमचा फोन माझ्याकडं."

अडचण अशी की धाकट्याचं काम करणारे आमचे दुकानदार ५२ वर्षांचे. धाकटा म्हणजे नाटकात धाकटा. ते तिचं ऐकतील का?

(भाषेचं खरं निघालं. धाकटा तीनदा "जाऊलालो" म्हणाला. सुधारतोय.)

विंगेतला_माणूस | ७ नोव्हेंबर, सकाळी ९:००

पहिली सूचना तिनं तुम्हाला द्यावी, मोठ्यानं. तुम्ही ती मुकाट ऐकून प्रवेश परत करा. दुकानदार मग आपोआप ऐकतात. तुम्ही "हो पण" म्हणालात की संपलं.

खडूफळा | ७ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

आणि तुम्ही नटांना सूचना द्यायच्या बंद. तालमीत दोन दिग्दर्शक झाले की नट तिसऱ्याचंच ऐकतो, बहुतेक चहावाल्याचं.

लातूरकर_बेरकी | ७ नोव्हेंबर, सकाळी १०:२०

थोरला ५० चा, तुम्ही ४१, धाकटा ५२. केसांचं काय करूलालात?

दुधना_काठ | ७ नोव्हेंबर, सकाळी ११:०५

मला झिंक पावडर, त्यांना कलप. कलपाचा खर्च मंडळीनं द्यावा म्हणतात.

नाट्यशास्त्री_बिनकामाचा | ७ नोव्हेंबर, दुपारी १२:००

एक सावधगिरी. थोरल्याचं काम हलकं व्हावं म्हणून मनानं प्रवेश कापू नका, पदरचं घालूही नका. संहिता प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित झालेली असते, तीच करायची. माणूस बदलला तर चालतं.

परभणी_जर्मनी | १४ नोव्हेंबर, रात्री ९:३०

धागा थंड पडला. काय चाललंय तालमीत?

दुधना_काठ | १५ नोव्हेंबर, रात्री १२:४०

चाललंय. पहिले तीन दिवस मी नुसता दिग्दर्शक होतो, अंगात शर्ट थोरल्याचा. ओठ माझेही हलत होते. पोरीनं युक्ती काढली. प्रवेश चालू असताना मला तोंडात सुपारी धरायला लावली. चावायची नाही, नुसती धरायची. ओठ हलले की सुपारी दाताला लागते आणि लगेच कळतं. दोन दिवसांत सवय गेली. माझे संवाद मात्र त्या दोन दिवसांत तोतऱ्यासारखे आले.

काल तिनं थांबवलं. म्हणाली, "सर, वाटणीच्या प्रवेशात तुम्ही भावाकडं बघतच नाही. त्याच्या पायाकडं बघता, तो खुणेवर उभा आहे का ते." सगळी खोली गप्प. मला राग आला, खोटं कशाला सांगू. एक घोट पाणी पिऊन परत केला प्रवेश. ह्या वेळी दुकानदारांच्या तोंडाकडं बघितलं. तर त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. दीड महिन्यात मी कधी पाहिलंच नव्हतं, कारण खुर्चीत बसून मी ते कुठं उभे आहेत तेच बघायचो. म्हटलं, हे कधीपासून? तर म्हणाले, "पहिल्या दिवसापासून. माझी विहीर वाटणीत गेलीय खरीच."

कायमची_आई | १५ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

सुपारीची युक्ती आमच्याकडं पाठवते. त्या पोरीला घरी कोण सोडतं?

दुधना_काठ | १५ नोव्हेंबर, सकाळी ८:००

तिचे वडील येतात. तालीम आता ७ ते ९:३०. तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला होता.

दुधना_काठ | २७ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

प्रयोग झाला परवा. वृत्तांत थोडक्यात, कारण झोप झालेली नाही.

फक्कीची आखणी उपयोगी पडली, डमीही. दुसऱ्या अंकात कंदील विझला, तो नाटकात विझायचा नव्हता. मी तसाच अंधारात पुढचं वाक्य बोललो आणि दुकानदारांनी खिशातून काडेपेटी काढून पेटवला. संहितेत नाही. पण कुणी काही बोललं नाही. त्यांच्या खिशात काडेपेटी कशी? तर म्हणे पहिल्या दिवसापासून ठेवतो, हा कंदील आमच्याच दुकानातला आहे, त्याचा गुण मला माहीत आहे.

माझं काम ठीक. ५० चा वाटलो नाही असं दोघं म्हणाले. दिग्दर्शक म्हणून मला नाटक कसं झालं ते माहीत नाही, मी पाहिलेलं नाही. पोरीला विचारलं, तिनं वही दिली. साडेतीन पानं आहेत. पहिली ओळ: "सर पहिल्या अंकात घाईत. दुसऱ्यात बरे."

निकाल अजून लागायचाय.

विंगेतला_माणूस | २७ नोव्हेंबर, सकाळी १०:४४

'दुसऱ्यात बरे' म्हणजे अभिनंदन.

पुण्यातून_वाचतो | २७ नोव्हेंबर, दुपारी १:३०

माघारीचा सल्ला मागं घेतो. मास्तरांच्या संहितेची प्रत वाचायला मिळेल का?

परभणी_जर्मनी | २७ नोव्हेंबर, दुपारी १:५०

मी आलो होतो. तिसऱ्या रांगेत. काडेपेटी दिसली तेव्हा मला वाटलं, काय बारीक दिग्दर्शन आहे राव!

सहस्रकुंड | २७ नोव्हेंबर, रात्री ११:२०

नवीन सदस्य आहे, पहिलाच प्रतिसाद. मीच तो किनवटला बदलून गेलेला थोरला.

सगळा धागा पहिल्या दिवसापासून वाचतोय, लिहायचं धाडस नव्हतं. परवा एक दिवसाची रजा टाकली. जवळजवळ २०० किलोमीटर. मंडळीत कुणाला कळवलं नाही, उगाच आमच्या दिग्दर्शकाचं लक्ष माझ्याकडं गेलं असतं. मागून चौथ्या रांगेत कडेला बसलो.

सर, तुम्ही घाईत होता हे खरं. वाटणीच्या प्रवेशात मी जिथं उठायचो तिथं तुम्ही बसूनच राहिलात. मला आधी पटलं नाही. मग दुकानदारकाकांनी तुमच्याकडं बघितलं तेव्हा वाटलं, बसूनच बरोबर आहे. मी उगीच उठत होतो.

मध्यंतरात शेजारच्या बाई मला म्हणाल्या, "भाऊ, जरा हळू म्हणा, आम्हाला ऐकू येईना." मी मोठ्यानं म्हणत होतो.

कायमची_आई | २७ नोव्हेंबर, रात्री ११:३१

सुपारी पाठवून देऊ का किनवटला?

दुधना_काठ | २७ नोव्हेंबर, रात्री ११:३८

अरे लेका, चौथ्या रांगेत बसून निघून गेलास? विंगेत यायचं की. फोन कर उद्या.

डिमरवाला | २८ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

सहस्रकुंड, तिकडं काही जमतंय का मग? लाईटला मी येतो, येण्याजाण्याचं भाडं द्या फक्त.

सहस्रकुंड | २८ नोव्हेंबर, दुपारी २:०५

तिघं जमलेत. एक आमचा शिपाई, एक वनरक्षक, एक मी. एकांकिका वाचायला घेतलीय. आईचं काम करायला बाई मिळेना.

गुलकंद | २८ नोव्हेंबर, दुपारी २:०६

ताई, बीडहून किनवटला गाडी आहे का बघा.